खानेसुमारीतलं गाव नकाशावर का सापडत नाही? स्कॉटलंडच्या जुन्या नोंदी वाचताना

स्कॉटलंडच्या 1841 च्या खानेसुमारीच्या वेळी ग्लेनकॅल्व्ही या डोंगरदरीत घरं होती, नांदती कुटुंबं होती. दहा वर्षांनी, 1851 मध्ये, ती कुटुंबं तिथं नाहीत. मधल्या काळात, 1845 च्या मे महिन्यात, मेंढ्यांच्या कुरणासाठी जमीनमालकानं दरी रिकामी करवली. बेघर झालेली माणसं जवळच्या क्रोइक चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मधल्या जागेत आडोसा करून राहिली. चर्चच्या खिडक्यांच्या काचांवर त्यांनी टोकदार वस्तूनं आपलं म्हणणं कोरून ठेवलं. ग्लेनकॅल्व्हीची माणसं इथं होती हे सांगणारी ओळ आणि 24 मे 1845 ही तारीख त्या काचांवर आजही वाचता येते.

आता असं धरून चालू, की यांच्यापैकी एका कुटुंबाचा वंशज आज कॅनडात राहतो आणि पूर्वजांचं गाव शोधतो आहे. त्याच्या हाती पुढच्या एका खानेसुमारीतली एकच ओळ आहे: जन्मस्थान, किनकार्डिन. स्कॉटलंडमध्ये किनकार्डिनशर नावाची अख्खी काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, होती. ॲबर्डीनशरमध्ये किनकार्डिन ओ'नील आहे, पर्थशरमध्ये एक किनकार्डिन आहे, फोर्थ नदीच्या काठावर किनकार्डिन नावाचं गाव आहे. ग्लेनकॅल्व्ही यांतल्या एकातही येत नाही. ते रॉसशर काउंटीतल्या किनकार्डिन पॅरिशमध्ये, म्हणजे त्या नावाच्या चर्चच्या हद्दीत, होतं. शोधाच्या चौकटीत 'किनकार्डिन' टाइप करून बसलेला माणूस चुकीच्या काउंटीत पोचला, तर त्यात नवल काहीच नाही.

अशा शोधात सगळ्यांचाच पहिला समज असा असतो, की नोंदीतलं नाव घ्यायचं, नकाशावर शोधायचं, ठिपका मिळाला की काम झालं. पण खानेसुमारीतलं ठिकाणाचं नाव नकाशावरून उतरवलेलं नसतं. कुणीतरी ते तोंडानं सांगितलेलं असतं आणि दुसऱ्या कुणीतरी कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं. 1841 आणि 1851 मध्ये स्कॉटलंडच्या बहुतेक भागाचे सविस्तर सरकारी नकाशे अजून तयारच झालेले नव्हते. तपासून पाहायला 'बरोबर' स्पेलिंग अस्तित्वातच नव्हतं. म्हणून नावाच्या मागे थेट लागण्याऐवजी आधी पॅरिश पक्की करावी, मग नोंद करणारा माणूस कोणत्या वाटेनं चालत गेला ते पाहावं आणि नाव सगळ्यात शेवटी जुळवावं. हा क्रम पाळला तर बरीचशी हरवलेली ठिकाणं सापडतात, असा माझा ठाम विश्वास आहे.

प्रगणकाची वही

ब्रिटनमध्ये खानेसुमारी 1801 पासून दर दहा वर्षांनी होत आली. पहिल्या काही वेळा सरकारला फक्त आकडे हवे होते. देशभर माणसांची नावं टिपली गेली ती 1841 पासून. 6 जून 1841 च्या रात्री जो जिथं झोपला होता, तिथं त्याची नोंद झाली. त्यानंतर 30 मार्च 1851, 7 एप्रिल 1861 अशा तारखा येतात. हा 'त्या रात्री'चा नियम लक्षात ठेवावा लागतो. शेतावर मजुरीला गेलेला मुलगा किंवा बहिणीकडे मुक्कामाला आलेली बाई त्या घरची नसतानाही त्या घरात मोजली जाते.

घरोघर तक्ते वाटले जायचे, कुटुंबप्रमुखानं ते भरायचे. ज्याला लिहिता येत नसे, त्याच्यासाठी प्रगणक स्वतः लिहून घेई. गावाकडे हा प्रगणक पुष्कळदा शाळामास्तर असे. तक्ते गोळा झाले की तो सगळी माहिती एका वहीत उतरवून काढी. आज आपण संगणकावर पाहतो ती ही वही; घरोघरचे मूळ तक्ते नष्ट करण्यात आले. म्हणजे सांगणाऱ्याची एक चूक, लिहिणाऱ्याची दुसरी, उतरवून घेणाऱ्याची तिसरी आणि आजच्या काळात ती नावं टाइप करून सूची बनवणाऱ्याची चौथी, इतक्या चुकांना वाव आहे.

वहीचं पहिलं पान बहुतेक जण पाहतच नाहीत, ही खरी हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. सूचीतून माणसाचं नाव शोधलं की संगणक थेट त्याच पानावर नेतो, आणि वहीच्या सुरुवातीला प्रगणकाच्या हद्दीचं वर्णन असतं ते राहून जातं. अमुक ओढ्याच्या पूर्वेकडचा भाग, तमुक पुलापासून पॅरिशच्या शिवेपर्यंत, त्यातल्या या या वाड्या: इतकी नेमकी माहिती तिथं मिळू शकते. आख्खी पॅरिश धुंडाळण्याऐवजी दोन-तीन मैलांच्या पट्ट्यात शोध येतो. म्हणून मिळालेल्या पानावरून मागे मागे जाऊन ते वर्णन आधी वाचावं.

1841 च्या वहीत जन्मस्थानाची माहिती अगदी तुटपुंजी आहे. याच काउंटीत जन्म झाला की नाही, आणि नसेल तर इंग्लंड, आयर्लंड की परदेश, एवढंच. 1851 पासून पॅरिश आणि काउंटी दोन्ही लिहायला लागले. 1861 पासून स्कॉटलंडच्या खानेसुमारीत खिडकी असलेल्या खोल्या किती, हा रकाना आला. ठिकाण शोधणाऱ्याला तोही उपयोगी पडतो: दहा वर्षांत घराचं नाव बदललं, पण शेजारी तेच आणि खिडक्यांच्या खोल्याही तेवढ्याच, तर घर तेच असण्याची शक्यता वाढते.

काउंटी, पॅरिश, वाडी

स्कॉटलंडमध्ये त्या काळी सुमारे 900 पॅरिश होत्या. पॅरिश म्हणजे मूळची चर्चची हद्द, जी पुढे सरकारी कामकाजाचीही झाली. खानेसुमारी, जन्ममृत्यूच्या नोंदी, गरिबांना मदत, सगळं पॅरिशच्या हिशेबानं चाले. त्यामुळे पॅरिश कळली की निम्मं काम झालं.

अडचण अशी, की नावं परत परत येतात. कर्कमायकेल नावाची पॅरिश एअरशरमध्ये आहे, बॅन्फशरमध्ये आहे, डम्फ्रीसशरमध्ये आहे आणि पर्थशरमध्येही आहे. दुसरी अडचण म्हणजे हद्दी हलल्या. कलरॉस हे फोर्थच्या काठावरचं सुंदर जुनं गाव फाइफच्या कडेला असूनही पर्थशरचा तुटक तुकडा म्हणून मोजलं जाई. 1889 च्या कायद्यानंतर हद्दींची फेररचना झाली आणि ते फाइफमध्ये गेलं. त्यामुळे एकाच घरात आयुष्य काढलेल्या माणसाची काउंटी 1881 मध्ये पर्थशर आणि 1901 मध्ये फाइफ दिसते. क्रोमार्टीशरचा प्रकार तर विलक्षण होता: ही काउंटी म्हणजे रॉसशरभर विखुरलेले तुकडे होते. फेररचनेच्या त्याच लाटेत ते रॉसशरला जोडले गेले.

काउंट्यांची नावंही बदलली. फॉर्फरशर म्हणजेच आजचं अँगस, एल्गिनशर म्हणजे मोरे, हॅडिंग्टनशर म्हणजे ईस्ट लोदियन, एडिनबरोशर म्हणजे मिडलोदियन. पुढे 1975 मध्ये कारभारासाठीच्या काउंट्या गेल्या, आणि 1996 पासून 32 स्थानिक परिषदा आहेत. आजच्या नकाशावरचा 'पर्थ अँड किनरॉस' आणि 1851 च्या वहीतलं पर्थशर एकमेकांवर ठेवले तर कडा जुळत नाहीत.

पॅरिशच्या आत वाड्या. शेतावरच्या घरांच्या लहान पुंजक्याला तिकडे फार्मटाउन किंवा नुसतं टाउन म्हणत, मग तिथं चारच घरं का असेनात. चर्चजवळची वाडी ती कर्कटन, गिरणीजवळची मिल्टन, जमीनदाराच्या घरच्या शेतीची जागा म्हणजे मेन्स. ही नावं देशभर जागोजागी आहेत आणि एकटी असताना त्यांचा शोधाला काही उपयोग नाही. पण ईशान्य स्कॉटलंडमध्ये ती बहुधा शेपटी घेऊन येतात: मेन्स ऑफ अमुक, मिल ऑफ अमुक, बॅकहिल ऑफ अमुक. अशा वेळी 'ऑफ'च्या पुढचं नाव धरावं. ती त्या जहागिरीची किंवा मोठ्या शेताची खूण असते आणि नकाशावर तीच सापडते. बाकीच्या वाड्या तिच्या भोवतीच असतात. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात तसे तिकडे मीकल आणि लिटल असतात. शिवाय ईस्टर, वेस्टर, ओव्हर, नेदर: पूर्वेकडचं, पश्चिमेकडचं, वरचं, खालचं. प्रगणकानं घाईत ही विशेषणं गाळलेली असू शकतात, म्हणून नावाची सगळी भावंडं तपासावी लागतात.

ऐकलं तसं लिहिलं

स्कॉटलंडमधल्या गावांची नावं लिहायची एक आणि बोलायची दुसरी, हे तिथल्या माणसाला अंगवळणी पडलेलं आहे. बाहेरच्याची मात्र दमछाक होते. फाइफमधलं किलकॉन्कर बोलीत 'किनुखर' होतं. ग्लासगोजवळच्या मिल्नगाव्हीला लोक 'मल्गाय' म्हणतात. कर्ककडब्राइट असं ज्याचं स्पेलिंग आहे, त्याचा उच्चार 'कर्कूब्री'. ॲन्स्ट्रदर म्हणजे 'एन्स्टर', स्ट्रॅथेव्हन म्हणजे 'स्ट्रेव्हन', आणि ॲबर्डीन बंदरातली कोळ्यांची वस्ती फुटडी ही सगळ्यांची 'फिटी'. आता दुसऱ्या काउंटीत कामाला गेलेली बाई तिथल्या प्रगणकाला आपलं जन्मगाव 'किनुखर' सांगते. त्यानं ते गाव कधी पाहिलेलं नाही. तो कानाला लागेल तसं लिहितो. म्हणून वहीतलं नाव डोळ्यांनी वाचून भागत नाही, मोठ्यानं उच्चारून पाहावं लागतं.

काही नावांत झेड हे अक्षर आहे पण त्याचा आवाज नाही. कारण जुन्या स्कॉट्स लिपीत 'योख' नावाचं एक अक्षर होतं, त्याचा आवाज साधारण 'य'सारखा. छापखान्यात तो खिळा नसे, तेव्हा त्याच्यासारखा दिसणारा झेड बसवला गेला. त्यामुळे कल्झियन असं दिसणारं नाव 'कलेन' असं उच्चारलं जातं. अशी नावं प्रगणकानं कानानं लिहिली, की झेड गायब होतो आणि सूचीत शोधणाऱ्याला काही हाती लागत नाही.

डोंगराळ भागात आणि बेटांवर भाषा गेलिक. गेलिक नावं इंग्रजी कानानं लिहिताना जास्तच वाकतात. 'बाले' म्हणजे वस्ती, ते नकाशावर 'बॅल' होऊन येतं. 'अखग' म्हणजे शेत, ते 'आख' किंवा 'ऑख' होतं. 'इनव्हर' म्हणजे नदीचं मुख, ते बहुतेक तसंच राहतं. गेलिकमध्ये नाव वाक्यात कुठं येतं त्यानुसार पहिला व्यंजन बदलू शकतो, ब चा व होतो, म चाही व होतो. म्हणून नाव जुळत नसेल तर पहिलं अक्षर बदलून पाहावं. हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो, पण बेटांवरच्या नोंदींत त्याच्याशिवाय चालत नाही.

हस्ताक्षराचं थोडक्यात. त्या काळी जोडून येणाऱ्या दोन एसपैकी पहिला लांब काढत आणि तो एफसारखा दिसे. त्यामुळे 'रॉस' सूचीत 'रॉफ्स' होऊन बसतो. मोठ्या लिपीतले एल आणि एस, टी आणि एफ एकमेकांत मिसळतात. अशा वेळी त्याच प्रगणकाचं ओळखीचं एखादं नाव घेऊन त्याचं अक्षर कसं वळतं ते पाहावं.

वाट आणि नकाशा

आता मुख्य काम. वहीत घरांना ओळीनं क्रमांक दिलेले असतात, आणि साधारणपणे तो क्रम प्रगणकाच्या चालण्याचा असतो. समजा, वहीत आधी गिरणी आहे, मग 'बॉगएंड' नावाची दोन घरं, मग शाळा, मग एक मोठं शेत. गिरणी, शाळा आणि शेत नकाशावर सापडतात, बॉगएंड सापडत नाही. बॉग म्हणजे दलदल. नकाशावर गिरणीकडून शाळेकडे जाणारी पायवाट पाहायची, तिच्या कडेला दलदलीची खूण पाहायची, आणि त्या दलदलीच्या टोकाला नाव न लिहिलेली एखादी लहान इमारत दिसते का ते पाहायचं. दिसली तर ती बॉगएंड असण्याची शक्यता भक्कम आहे. मग 1861 आणि 1871 च्या वह्यांत तोच क्रम येतो का हे ताडून घ्यायचं. प्रगणक कधी उलट दिशेनं फिरे, कधी एक वाडी विसरून परत येई, म्हणून एका वर्षाच्या वहीवर निकाल देऊ नये.

यासाठी लागणारे नकाशे घरबसल्या आणि फुकट मिळतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशे खात्यानं 1843 ते 1882 या काळात आख्ख्या स्कॉटलंडचे एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे मोजून काढले. शेतीच्या भागाचे त्याहून मोठे, मैलाला 25 इंचांचेही आहेत. त्यांत घरन् घर, विहीर, पायवाट दिसते. एडिनबरोच्या स्कॉटलंड राष्ट्रीय ग्रंथालयानं ते संकेतस्थळावर ठेवले आहेत. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून तो हळूहळू पारदर्शक करत नेता येतो. तिथंच 1900 च्या आसपासच्या नकाशांवरची नावं शोधण्याची सोय आहे. ब्रिटनभरची सुमारे 25 लाख नावं त्यासाठी स्वयंसेवकांनी एकेक करून टिपली.

या नकाशांचं एक वैशिष्ट्य मला फार मोलाचं वाटतं. छप्पर असलेली इमारत भरीव दाखवली आहे आणि छप्पर गेलेली नुसत्या बाह्यरेषेनं. रॉसशरचं हे सर्वेक्षण 1870 च्या दशकात झालं, म्हणजे ग्लेनकॅल्व्ही रिकामं होऊन पंचवीस-तीस वर्षं उलटल्यावर. अशा दऱ्यांत ओढ्याकाठी पोकळ चौकोनांची रांग दिसली आणि शेजारी मेंढ्यांचा कोंडवाडा दिसला, तर नाव लिहिलेलं नसलं तरी तिथं 1841 च्या वहीतली घरं असू शकतात. त्याहून मागे जायचं तर जॉन थॉमसन यांचा 1832 चा नकाशासंग्रह आहे, आणि विल्यम रॉय यांनी 1747 ते 1755 या काळात केलेलं लष्करी सर्वेक्षणही आहे.

सर्व्हेच्या लोकांनी नकाशांबरोबर नावांच्या वह्याही ठेवल्या, त्या 'नेम बुक' म्हणून ओळखल्या जातात. माझ्या मते या विषयातलं हे सगळ्यात उपयोगी साधन. प्रत्येक नावासाठी रकाने आहेत: नकाशावर कोणतं नाव घातलं, लोक ते आणखी कसकसं लिहितात, कुणाच्या सांगण्यावरून ठरवलं, ठिकाण कुठं आहे, आणि वर्णन. सांगणाऱ्यांत चर्चचे धर्मोपदेशक, शाळामास्तर, जमीनदार, कुळं असतात. वर्णनात घर एकमजली की दुमजली, गवतानं शाकारलेलं की पाटीच्या दगडांचं, मालक कोण, हेही येतं. स्पेलिंगच्या रकान्यात टाकून दिलेली रूपं असतात, आणि खानेसुमारीच्या वहीत असलेलं रूप नेमकं त्यांतलंच एखादं निघू शकतं. स्वयंसेवकांनी या वह्या उतरवून काढल्या आहेत आणि इंटरनेटवर त्या वाचता येतात.

दोन खानेसुमाऱ्यांच्या मधली दहा वर्षं व्हॅल्युएशन रोल भरून काढतात. 1855 पासून दरवर्षी प्रत्येक मालमत्तेची यादी होई: ठिकाण, मालक, कूळ, भाडं. सूची केलेली वर्षं 1855, 1865, 1875 अशी आहेत, म्हणजे खानेसुमारीच्या बरोबर अधेमधे. मात्र वर्षाला चार पौंडांहून कमी भाडं देणाऱ्यांची नावं बरेचदा गाळलेली असतात, त्यामुळे गरिबाची झोपडी इथंही निसटते. खानेसुमारीच्या पानांची चित्रं आणि हे रोल स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर आहेत. खानेसुमारी शंभर वर्षं बंद ठेवतात. 1921 ची 2022 मध्ये खुली झाली.

शहरांत ठिकाण शोधणं तुलनेनं सोपं, पण रस्त्यांची नावं दगा देतात. ग्लासगोनं 1912 मध्ये गोव्हन आणि पार्टिक ही शेजारची शहरं पोटात घेतली, एडिनबरोनं 1920 मध्ये लीथ घेतलं. एकाच शहरात एका नावाचे दोन-दोन रस्ते झाले आणि कित्येकांची नावं बदलावी लागली. टपाल खात्याच्या नावानं निघणाऱ्या वार्षिक डिरेक्टऱ्यांत रस्त्यांची यादी असते. ग्रंथालयानं त्याही खुल्या केल्या आहेत. खाणवस्त्यांचं वेगळं. एअरशरमधल्या ग्लेनबकचा कोळसा संपला, माणसं गेली आणि नंतर उघड्या खाणीनं उरलंसुरलं गावही संपवलं. लिव्हरपूलचे फुटबॉल प्रशिक्षक बिल शँकली 1913 मध्ये तिथं जन्मले, म्हणून त्या गावाचं नाव अजून टिकून आहे.

मराठी वाचकाला जिथं वाट माहीत आहे

स्कॉटलंडच्या वह्यांत हिंदुस्थानही भेटतो. जन्मस्थान 'पाटणा' दिसलं तर लगेच बिहार समजू नये. एअरशरमध्ये डून नदीकाठी पाटणा नावाचं गाव आहे. विल्यम फुलर्टन यांनी 1802 मध्ये ते खाणकामगारांसाठी वसवलं, आणि नाव आलं ते बिहारच्याच पाटण्यावरून. शेजारच्या रकान्यात काउंटी एअरशर आहे की 'ईस्ट इंडीज', एवढं पाहिलं की उलगडा होतो.

आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारे जेम्स ग्रँट डफ. त्यांचा जन्म 1789 मध्ये बॅन्फचा. साताऱ्याहून परतल्यावर वारशानं मिळालेली ईडन नावाची जहागीर ते सांभाळू लागले. त्यांचा मुलगा 1829 मध्ये तिथंच जन्मला, आणि त्याचं नाव त्यांनी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं. हे ईडन नकाशावर शोधायला गेलं तर फाइफमधली ईडन नदी पुढ्यात येते, सीमाभागातली 'ईडन वॉटर' नावाची नदी येते, पण ग्रँट डफ यांचं ईडन ॲबर्डीनशरमध्ये डेव्हरॉन नदीजवळ, किंग एडवर्ड नावाच्या पॅरिशमध्ये आहे. इथंही आधी पॅरिश लागते, मग घर सापडतं.

उलट दिशेची नोंदही असू शकते: स्कॉटिश शिपायाचं किंवा मिशनऱ्याचं मूल मुंबई इलाख्यात जन्मलं, आईबरोबर मायदेशी परतलं आणि तिथल्या प्रगणकानं 'किर्की', 'पूनाह', 'दापूली' असं काहीतरी लिहून ठेवलं. एडिनबरोत बसलेल्याला 'सेव्हर्नड्रूग' हे गाव कुठं शोधावं ते कळणार नाही. हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्ग पाहिलेल्याला ते उच्चारताक्षणी कळतं. 'माल्कम पेठ' म्हणजे महाबळेश्वर, हेही त्याला सांगावं लागत नाही. इलाख्यातल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला पाठवल्या जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि गाव ओळखता आलं की त्यांत मूल सापडण्याची आशा वाढते. वंशावळ शोधणाऱ्या स्कॉटिश मंडळींकडून असं एखादं वाकडंतिकडं नाव कानावर आलं, तर ते मोठ्यानं उच्चारून पाहावं आणि जे गाव ऐकू येईल ते त्यांना जिल्हा, तालुका आणि आजच्या रूपासकट लिहून पाठवावं.